‘जुना करार’ म्हणावं की ‘हिब्रू बायबल’?

प्रश्न असा आलाय: ज्यूंच्या सणांवरच्या मराठी लेखात ‘जुन्या करारात म्हटल्याप्रमाणे’ असं लिहिलं होतं, संपादकांनी ते खोडून ‘हिब्रू बायबलमध्ये’ केलं. हा नसता काटेकोरपणा नाही का?

मला नाही वाटत. ख्रिस्ती बायबलचे दोन भाग: जुना करार आणि येशूविषयीचा नवा करार. ज्यू लोक नवा करार मानतच नाहीत, मग आपल्या ग्रंथाला जुना कशाला म्हणतील? त्यांच्याकडे तो ‘तनाख’. तोरा (नियमशास्त्र), नवीईम (संदेष्टे) आणि केतुवीम (लेख) या तीन भागांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं.

मराठीत ‘करार’ शब्द छान बसलाय. मूळ हिब्रू ‘ब्रीत’, म्हणजे देवाने इस्राएलशी केलेला करार. इंग्रजी ‘टेस्टामेंट’ला येणारा मृत्युपत्राचा वास त्याला नाही. पण भाड्याच्या घराचा नवा करार झाला की जुना बाद, हेही आपल्या डोक्यात पक्कं असतं, आणि शतकानुशतकं चर्चमध्ये साधारण हेच शिकवलं गेलं: ज्यूंचा करार संपला, आता त्यांच्या जागी चर्च. नाझी संहारानंतर ज्यू-ख्रिस्ती संवाद सुरू झाला तो या समजुतीला हात घालतच. देवाने ज्यूंना नाकारलं किंवा शाप दिला असं मांडू नये, हे व्हॅटिकनने १९६५ साली ‘नोस्त्रा एताते’ या जाहीरनाम्यात बजावलं. पुढे १९८० मध्ये जर्मनीतल्या माइन्झला ज्यू प्रतिनिधींशी बोलताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी ‘देवाने कधीही रद्द न केलेला’ जुना करार असा उल्लेख केला. विशेषण ‘जुना’च राहिलं, अर्थ मात्र पार फिरला. १९८५ च्या व्हॅटिकन टिपणात तर स्पष्टच आहे की जुना म्हणजे कालबाह्य नव्हे. काही अभ्यासकांनी ‘पहिला करार’ सुचवून पाहिलं. ते फारसं रुळलं नाही.

त्यामुळे चर्चमधल्या उपासनेबद्दल लिहिताना ‘जुना करार’ खुशाल लिहा. ज्यूंबद्दल लिहिताना ‘तनाख’ किंवा ‘हिब्रू बायबल’. (त्यातल्या दानीएल आणि एज्रा या पुस्तकांचा काही भाग हिब्रूत नाही, अरामी भाषेत आहे, पण तेवढं चालतं.)

मात्र सरसकट शोधा-आणि-बदला करू नका. पुरीम या सणाची कथा तनाखमधल्या एस्तेरच्या पुस्तकात आहे, तिथे संपादकांचा बदल बरोबर. हनुक्का या सणाची कथा मक्काबींच्या पुस्तकांत येते. ती कॅथलिकांच्या जुन्या करारात आहेत, तनाखमध्ये नाहीत. त्या परिच्छेदात ‘हिब्रू बायबल’ पडलं असेल तर ते आधी काढायला सांगा.