डि'मेलो फॉर्ममध्ये अर्धेच का दिसतात?

प्रश्न: ताई नमस्कार, मी वसईत आमच्या वाचनालयाची साइट सांभाळतो, पीएचपी 7.4 वर आहे, जुनीच. सभासदाची माहिती दुरुस्त करायचं पान उघडलं की डि'मेलो, डि'सूझा अशा आडनावांच्या रकान्यात नुसतं ‘डि’ दिसतं आणि चुकून तसंच सेव्ह झालं की डेटाबेसमध्येपण ‘डि’च. आणि इकडं अशी आडनावं ढिगानं. मी एचटीएमएलस्पेशलचार्स (कोटासारखी चिन्हं बदलून छापणारं पीएचपीचं फंक्शन) लावलंय तरी हे होतंय. शेवटी वैतागून फॉर्म सबमिट होतानाच सगळे कोट उडवणारी ओळ टाकली, तर आता सगळे डिमेलो झाले आणि एक काका येऊन भांडून गेले. सभासदांच्या वेबसाइटची लिंकपण आम्ही एचरेफमध्ये (लिंकचा पत्ता लिहायच्या जागी) दाखवतो, तिथं हेच फंक्शन पुरेल ना?

उत्तर: काकांचं बरोबर आहे हो, आडनावात काही चूक नाही, चूक कोडात आहे. माझा अंदाज, तुम्ही व्हॅल्यू ॲट्रिब्यूट (रकान्यात काय दिसेल ते सांगणारा टॅगमधला भाग) सिंगल कोटमध्ये लिहिलंय. मग ब्राउझरला ‘डि’ नंतरचा कोट दिसला की तो म्हणतो संपली व्हॅल्यू, आणि ‘मेलो’ला वेगळंच ॲट्रिब्यूट समजतो. एचटीएमएलस्पेशलचार्स असून हे का, तर पीएचपी 8.1 च्या आधी ते फंक्शन काही न सांगता वापरलं तर फक्त डबल कोट बदलायचं, सिंगलला हातच लावायचं नाही. 8.1 पासून दोन्ही बदलतं. तुम्ही त्या फंक्शनला दुसऱ्या जागी ईएनटी_कोट्स (दोन्ही कोट बदल असं सांगणारा पर्याय) द्या, तिसऱ्या जागी यूटीएफ-8, आणि ॲट्रिब्यूट कायम डबल कोटमध्ये लिहा. कोटच न लावता लिहायची सवय असेल तर ती आजच सोडा, तिथं नुसत्या स्पेसनंही व्हॅल्यू तुटते. (7.4 चा सपोर्ट 2022 च्या नोव्हेंबरातच संपलाय, नवी आवृत्ती तेवढी जमवाच.)

ती कोट उडवणारी ओळ काढून टाका. माहिती आली तशीच ठेवायची, एस्केप करायचं, म्हणजे कोटासारखी चिन्हं त्यांच्या कोडमध्ये बदलायची, ते पानावर छापताना. एस्केप करून डेटाबेसमध्ये ठेवलं तर दुरुस्तीच्या पानावर ते परत एस्केप होतं, आणि दर सेव्हला नावात अँपरसँडची शेपटी वाढत जाते.

आता लिंक. नाही पुरणार. एस्केप केल्यानं एवढंच होतं की व्हॅल्यू कोटांच्या बाहेर पडत नाही, आत काय लिहिलंय ते तसंच राहतं, आणि कुणी तिथं ‘जावास्क्रिप्ट:’ नं सुरू होणारा पत्ता टाकला तर त्यात एकही कोट नसतो, क्लिक केलं की कोड चालतो. तो शब्द शोधून उडवू असंपण मनात आणू नका. मायस्पेस या सोशल साइटनं तेच केलं होतं, 2005 च्या ऑक्टोबरात सॅमी कामकार नावाच्या हॅकरनं आपल्या प्रोफाइलमधल्या स्टाइल ॲट्रिब्यूटमध्ये ‘जावा’ आणि ‘स्क्रिप्ट’च्या मधे नवी ओळ घातली, फिल्टरला शब्द सापडला नाही पण काही ब्राउझरनी तो जोडून वाचला आणि एका दिवसाच्या आत दहा लाखांवर प्रोफाइलना त्याच्या कोडची लागण झाली. आजही यूआरएल वाचताना ब्राउझर मधले टॅब आणि नव्या ओळी गाळतातच.

म्हणून उलटं करा. पत्ता ‘एचटीटीपी://’ किंवा ‘एचटीटीपीएस://’ नं सुरू होत असेल तरच लिंक करा, नाहीतर नुसता मजकूर म्हणून छापा, आणि दोन्हीकडं छापताना एस्केप हवंच. पीएचपीच्या फिल्टर_व्हार फंक्शनच्या यूआरएल तपासणीवर एकट्यावर विसंबू नका, ‘जावास्क्रिप्ट:’पुढे दोन स्लॅश दिले की ती खुशाल पास करते. आणि सभासदाचं नाव ऑनक्लिकमध्ये (क्लिक केल्यावर चालणाऱ्या कोडात) घालत असाल तर तेही बंद करा, कारण ब्राउझर आधी एस्केप उलगडतो आणि मग जावास्क्रिप्ट वाचतो, म्हणजे तुमचा कोट परत जिवंत. नाव डेटा ॲट्रिब्यूटमध्ये (‘डेटा-’नं सुरू होणाऱ्या, नुसती माहिती ठेवायच्या ॲट्रिब्यूटमध्ये) ठेवून स्क्रिप्टमधून वाचा.

राहिले ते डिमेलो झालेले डि'मेलो. जुना बॅकअप असेल तर त्यातून परत घ्या, नसेल तर वाचनालयाचं कागदी रजिस्टर काढून बसा. कोडनं आपोआप कोट घालायला जाऊ नका, काहींचं आडनाव खरंच बिनकोटाचं असतं आणि मग दुसरे काका येतील.