रेडिओचा कान पिळायच्या आधी

प्रिय ताई,

माझे सासरे, आण्णा, ७४ वर्षांचे आहेत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. त्यांना रेडिओचं वेड आहे, तेही गाण्यांचं नाही, बोलण्याचं. सकाळी सातच्या पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, मग साडेआठच्या राष्ट्रीय बातम्या, दुपारी भाषणं-मुलाखती, संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम आणि सातला मुंबईच्या बातम्या. गाणी लागली की बंद करतात. आवाज इतका मोठा की खालच्या मजल्यावरचे दोनदा सांगून गेले. बाई बातम्या देत असली की ‘हल्लीच्या पोरी शब्द खातात’ म्हणून आणखी मोठा करतात. हॉलमध्ये कटकट नको म्हणून मी रेडिओ स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला, तर हे बाल्कनीत खुर्ची टाकून बसतात आणि तिथे ऐकू यावं म्हणून पुन्हा आवाज वाढवतात. माझ्या हातून ताटली पडली तर मात्र ‘केवढा तो आवाज!’ म्हणून खेकसतात. मी काही विचारलं तर मुद्दाम उत्तर देत नाहीत. चौथीतल्या नातीशीसुद्धा हल्ली बोलत नाहीत. नवरा म्हणतो, वय झालंय, सोडून दे. ही सवय कशी सोडवू? इअरफोनची सक्ती करू का?

– वैतागलेली, सांगली

*

सवयीचं राहू दे. तू जाता जाता लिहून गेलीस त्या एका वाक्यापाशी मी थांबले आहे: बाई बातम्या देत असली की आण्णा आवाज वाढवतात. ‘पोरी शब्द खातात’ हे वाक्य कानाच्या डॉक्टरांना फार ओळखीचं असतं. त्या पोरी शब्द खात नाहीत. आण्णांचा कान खातोय.

वयोमानाने कान जातो तो सगळा एकदम जात नाही. आधी वरचे, बारीक सूर जातात आणि खालचे, जाड सूर बरीच वर्षं शाबूत राहतात. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या सुरांत असतात आणि त्यांच्यातच जोर असतो. स, श, त, क, फ ही व्यंजनं साधारण २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि मुळातच नाजूक असतात. त्यामुळे माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. ‘साठ’मधला स गळला की ‘आठ’ ऐकू येतं. ‘तीस हजार क्युसेक’ आणि ‘वीस हजार क्युसेक’ यांत फरक उरत नाही. बायकांचा आणि लहान मुलांचा आवाज मुळातच उंच असतो, म्हणून तो आधी निसटतो. पुरुष निवेदकाच्या जाड आवाजावर अजून काही दिवस निभावता येतं.

आता तुझं पत्र पुन्हा वाच. तू ज्या तक्रारी वेगवेगळ्या म्हणून लिहिल्यास, ती एकच तक्रार आहे. चौथीतल्या नातीचा आवाज बारीक, म्हणून तिच्याशी बोलणं तुटलं. दहादा ‘काय गं?’ विचारायची लाज वाटते, त्यापेक्षा माणूस गप्प बसतो. तू स्वयंपाकघरातून, पाठमोरी, कुकरच्या शिट्टीत विचारतेस. तुझे ओठ दिसत नाहीत आणि शब्द पोचत नाहीत. याला तू ‘मुद्दाम’ म्हणतेस, आणि तो शब्द मला बोचला. कशावरून मुद्दाम?

ताटलीचंही तेच. अशा कानात ऐकू येण्याची आणि असह्य होण्याची पातळी अगदी जवळ येऊन बसतात. मधली जागा आक्रसते. बेताचा आवाज ऐकूच येत नाही, आणि थोडा वाढला की थेट डोक्यात जातो. स्टीलची ताटली फरशीवर पडते तेव्हा तिचा उंच, अचानक आवाज त्या अरुंद जागेच्या पार वर जातो. एकाच माणसाला रेडिओ मोठा हवा आणि भांडं नको, यात ढोंग काही नाही. कानाचा हा दोष असाच असतो.

गाणी बंद का करतात? ते बातम्यांसाठीच बसतात, हे एक झालंच. पण ज्याचे वरचे सूर गेले त्याला गाण्यातला मजकूरही कळत नाही आणि वाद्यंही गढूळ ऐकू येतात. बातम्यांत निदान एकच माणूस, मागे वाद्य नाही, नेमका उच्चार, ठरलेली वाक्यं. पुढचा शब्द अंदाजाने भरून काढता येतो. आण्णा दिवसभर तेच करतायत आणि ते थकवणारं काम आहे.

तेही पाटबंधारे खात्यातला माणूस! पावसाळ्यात कोयना धरणाचा विसर्ग आणि आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी रेडिओवर सांगतात तेव्हा सांगलीत अर्धं गाव कान देऊन ऐकतं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. एकोणचाळीस आणि एकेचाळीस यांत जो फरक आहे तो मधल्या ‘ओण’चा आणि ‘ए’चा, आणि ‘ए’ची ओळख पटायला वरचे सूरही लागतात. ज्याने आयुष्यभर हे आकडे मोजले, त्याला आता ते आकडे चाचपडावे लागतायत. तू त्याला सवय म्हणतेस.

तुझ्या नवऱ्यालाही सांग, ‘वय झालंय’ हे कारण म्हणून बरोबर आहे, सोडून द्यायची सबब म्हणून नाही. दृष्टी कमी झाली असती तर वय झालंय म्हणून चष्मा नाकारला असता का?

तेव्हा काम एकच. या आठवड्यात आण्णांना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. सांगली-मिरजेत राहून ‘सोय नाही’ हे कारण चालत नाही; मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी केलीत तरी सुरुवात होईल. डॉक्टर आधी दुर्बिणीने कान बघतील. मळाचा गठ्ठा असेल तर तो काढल्यावरच पुढची तपासणी खरी येते. तोवर घरी कोमट तेल, काडी, कापसाची बोंडं यांतलं काहीही कानात घालू नका. काडीने मळ आत दाबला जातो. मग बंद खोलीत हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर एकेका कानात देतात. अगदी बारीक ऐकू आलं तरी बटण दाबायचं. २०-२५ मिनिटं लागतात, दुखत काही नाही. निकाल आलेखावर मिळतो. २०-२५ डेसिबल इतका हळू आवाजही ऐकू येत असेल तर कान चांगला. आण्णांची रेघ आलेखाच्या डावीकडे, खालच्या सुरांत, बरी आणि उजवीकडे, वरच्या सुरांत, घसरलेली असेल असा माझा अंदाज आहे, पण अंदाजावर थांबू नका. शब्द उच्चारून घेण्याची चाचणीही करायला सांगा, मराठी शब्दांवर. सुरांचा आलेख आणि शब्दांची समज, दोन्ही समोर आल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. एक गोष्ट मात्र आजच विचार: एखाद्या कानाने अचानक, दोन-तीन दिवसांतच ऐकू येईनासं झालंय का? तसं असेल तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी जा. त्या प्रकारात उशीर केला तर ऐकू येणं परत मिळणं अवघड होतं.

डॉक्टरांनी श्रवणयंत्र सांगितलं तर दोन्ही कानांचं विचारा, आणि यंत्र आलेखावरून जुळवूनच घ्या. ऑनलाइन मिळणारं ‘आवाज वाढवणारं मशीन’ आणू नका. ते खालचे-वरचे सगळे सूर सारखेच वाढवतं. आण्णांचे खालचे सूर शाबूत असले तर तेही नको तेवढे फुगतील, ताटली आणखी बोचेल आणि स तरीही गळेल. यंत्र घेतल्यावर लोक पहिल्या पंधरा दिवसांत ते कपाटात ठेवतात, कारण पंखा, पावलांचा आवाज, पेपरची घडी, सगळंच एकदम मोठं वाटतं. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात. सुरुवातीला रोज दोन-तीन तास, शांत खोलीत. आणि सरावाला काय, ते तर आण्णा आधीपासूनच करतात: बातम्या. एक माणूस, स्पष्ट उच्चार, मागे गोंगाट नाही. जी सवय तू सोडवायला निघालीस, तीच इथे उपयोगी पडणार आहे. कुठले शब्द निसटले ते कागदावर लिहून पुढच्या भेटीला न्या. त्यावरूनच यंत्र पुन्हा जुळवतात. खर्चाची अडचण असलेल्या इतर वाचकांसाठी: उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना केंद्राच्या योजनेतून यंत्र मिळतं, आणि मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था हेच काम करते.

इअरफोनचं उत्तर: नाही. आत्ता तर अजिबात नाही. आवाज याच पातळीवर ठेवून तो थेट कानात सोडलास तर उरलेलंही जाईल, वर दाराची घंटा ऐकू येणार नाही.

आज संध्याकाळीच करण्यासारखं एक काम आहे. रेडिओ फ्रिजवरून काढ. मीडियम वेव्हचा अँटेना सेटच्या आतच असतो, फेराइटची आडवी कांडी, आणि फ्रिजचा पत्रा तिला आंधळं करतो. त्यात कॉम्प्रेसरची घरघर, वरच्या एलईडी ट्यूबच्या आतल्या सर्किटची खरखर, शेजारी मोबाइलचा चार्जर. ही खरखर नेमकी नाजूक व्यंजनांना झाकते. रेडिओ बाल्कनीजवळच्या लाकडी टेबलावर ठेव, भिंतीपासून हातभर दूर, आण्णांच्या खुर्चीपासून तीन फुटांवर. सांगली केंद्र १२५१ किलोहर्ट्झवर लावून सेट हळूहळू पाव वळसा फिरव. कांडीचं टोक केंद्राकडे असेल तेव्हा आवाज सगळ्यात क्षीण, आडवी बाजू असेल तेव्हा सगळ्यात स्वच्छ. खरखर कमीत कमी होईल तिथे सेट ठेवून दे. टोनचं बटण असेल तर ते वरच्या सुरांकडे फिरव. अॅडॉप्टर काढून सेल घाल म्हणजे वायरीतून येणारा घूं आवाज जाईल. सेलच्या पट्टीवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर व्हिनेगर लावलेल्या बोळ्याने पूस आणि पूर्ण वाळल्यावरच सेल बसव. मीडियम वेव्हवर वरचे सूर मुळातच कापले जातात, कारण केंद्रांमध्ये फक्त ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. तोच कार्यक्रम एफएमवर मिळत असेल तर तिथे लाव, फरक लगेच कळेल. एवढ्याने आवाज बराच खाली येईल आणि खालचेही शांत होतील. पण याने कान बरा होत नाही. रेडिओ सुधारला म्हणून डॉक्टरांची भेट पुढे ढकललीस तर मला राग येईल.

आणि बोलताना आण्णांच्या समोर ये. चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभी राहा, आधी ‘आण्णा’ म्हण, त्यांनी बघितलं की मग बोल. ओरडू नकोस. ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजनं तिथेच राहतात. थोडं सावकाश बोल. नातीलाही हे शिकव. मुलं पटकन शिकतात.

त्यांना नेताना ‘तुम्हाला ऐकू येत नाही’ म्हणू नकोस, तो वाद तू हरशील. ‘बातम्या नीट कळाव्यात म्हणून’ म्हण. आणि सोबत मुलाने जायचं, सुनेने एकटीने नाही. डॉक्टरांची वेळ सकाळची मिळाली तर साडेआठच्या बातम्या संपल्यानंतरचीच घ्या.