ॲप आहे, एआय आहे, मग चायनीज शिकवायला माणूस कशाला?

सोलापूरहून एका मुलीचं पत्र आलंय. बीए झालंय, ऑनलाइन क्लास करून एचएसके, म्हणजे परदेशी लोकांसाठीची चीनची चायनीज परीक्षा, तिची लेव्हल ४ पास केलीय आणि आता तिला चायनीजची शिक्षिका व्हायचंय. घरचे म्हणतात की हल्ली मोबाईलवर सगळं फुकटात शिकता येतं, भाषांतर एआय करून देतं, तुझ्याकडे कोण येणार? तिचा प्रश्न असा, की आधी एज्युकेशन टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करू की भाषा शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेऊ?

अगं, आधी मनापासून अभिनंदन. जुन्या सहा लेव्हलच्या पद्धतीत लेव्हल ४ म्हणजे १२०० शब्द, तेही आजूबाजूला बोलायला कुणी नसताना, हे सोपं नाहीये. तुमच्याच गावचे डॉ. कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथल्या माणसांत राहून ती भाषा शिकले, तुझ्या हातात मात्र फक्त फोन होता. त्यामुळे फोन काय देतो आणि काय देत नाही हे तुला इतरांपेक्षा चांगलं कळलं असणार, आणि शिक्षिका म्हणून तुझं भांडवल तेच आहे.

कौन्सेलिंगमध्ये यायच्या आधी मी बरीच वर्षं चायनीज शिकवलंय, म्हणून एक प्रसंग सांगते. माझा एक विद्यार्थी ॲपवर रोज तासभर बोलायचा, सगळीकडे हिरवी टिक. एक दिवस मी त्याला फक्त एक शब्द म्हणायला सांगितला, 'मै', म्हणजे विकत घेणे, तिसरा टोन, म्हणजे आवाजाच्या चार चढउतारांपैकी तिसरा. त्याने म्हटलं आणि मला ऐकू आलं 'विकणे', कारण तोच 'मै' चौथ्या टोनमध्ये म्हटला की अर्थ बरोब्बर उलटा होतो. मग ॲपला हे कसं कळलं नाही? तर ॲप अख्खं वाक्य ऐकतं, मागचेपुढचे शब्द बघून काय म्हणायचं असेल याचा अंदाज लावतं आणि टिक देऊन मोकळं होतं. उद्या हा मुलगा चाकणच्या एखाद्या कंपनीत दुभाषी म्हणून बसला आणि घ्यायचंय की विकायचंय यातच घोळ झाला तर?

मग मी काय केलं, तर लॅपटॉपवर प्रात उघडलं. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी बनवलेलं फुकट सॉफ्टवेअर आहे, आवाजाची उंची रेघ काढून दाखवतं. त्याची रेघ आणि चिनी बाईच्या आवाजाची रेघ एकाखाली एक ठेवली. तिची रेघ खाली उतरून तिथेच थांबली होती, ह्याची वरून सुरू होऊन धाडकन कोसळत होती. पण नुसतं दाखवून काही होत नाही गं, दहा वेळा रेकॉर्ड केलं तरी रेघ तशीच येत राहिली. मग मी स्क्रीन बंद केली आणि त्याला म्हटलं, आजोबा पेपर वाचताना न बघता 'हं' म्हणतात ना, दबका, खालचा, तसं म्हण. चौथा टोन म्हणजे आई चिडून 'बस!' म्हणते तो, दुसरा म्हणजे नीट ऐकू आलं नाही की आपण 'अं?' करतो तो. पाच मिनिटांत जमलं, आणि मग परत प्रात उघडून त्याचं त्यालाच बघायला लावलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला वाटतं ह्यातच आहे. फक्त प्रात असतं तर तो अडकला असता, फक्त आजोबांचं 'हं' असतं तर घरी जाऊन आपलं बरोबर येतंय का हे त्याला कळलं नसतं. आधी अडचण कुठली ते ओळखायचं, मग पद्धत, मग त्या पद्धतीला लागेल ते टूल. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये ह्याच विचाराची नीट मांडणी केली, विषय, शिकवणं आणि टेक्नॉलॉजी ही तीन ज्ञानं सुटी सुटी ठेवून चालत नाहीत, त्याला टीपॅक म्हणतात, कोर्सला गेलीस की हे नाव कानावर पडेलच.

आता मराठी मुलांचं सांगते, कारण इथे तुला खरंच मोठी संधी आहे. बहुतेक ॲप इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनलेत. त्यात 'पी' आणि 'बी' मधला फरक शिकवताना तोंडासमोर कागद धरा, हवेने हलला पाहिजे वगैरे सांगतात. आपल्याला कशाला कागद? पिनयिन, म्हणजे चायनीज इंग्रजी अक्षरांत लिहायची पद्धत, त्यातला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे दोन्ही ओठ मिटून म्हटलेला फ, डी म्हणजे त आणि टी म्हणजे थ, जी म्हणजे क आणि के म्हणजे ख. झेड हा जवळपास चमच्यातला च आणि जे हा चहातल्या च च्या जवळचा, हे दोन वेगळे च तर इंग्रजीवाल्यांनाच काय, हिंदीवाल्यांनाही पटकन सापडत नाहीत. बेजिंग बेजिंग करणाऱ्या मुलाला एकदा 'पेइ-चिंग' म्हणून दाखव, त्याचा चेहरा बघ. हे कुठलंही ॲप मराठी मुलाला सांगत नाही, तू सांगू शकतेस, आणि रेकॉर्डिंगसकट स्वतःचं मटेरियल बनवू शकतेस.

अक्षरांचंही तसंच. अँकीसारखं कार्डांचं सॉफ्टवेअर चांगलंच आहे, विसरायच्या बेतात असलेला शब्द बरोबर पुढे आणतं, मी सगळ्यांना वापरायला लावते. पण ते प्रत्येक कार्ड सुटं धरतं. 'छिंग' ह्या एका आकाराला पाण्याची खूण लागली की स्वच्छ, सूर्याची लागली की ऊन पडलेलं, बोलण्याची लागली की कृपया, मनाची लागली की भावना. ही चार भावंडं फळ्यावर एकत्र आली की मुलं हरखतात आणि विसरत नाहीत, कार्डात मात्र ती महिनोन् महिने एकमेकांना भेटतच नाहीत. म्हणून आधी फळा, कार्डं त्याच रात्री, आणि तुझ्या धड्यावरून बनवलेली, तयार डाउनलोड केलेली नकोत.

हाताने किती लिहून घ्यायचं यावर शिक्षकांत खूप वाद होतात. पिनयिन टाइप केलं की अक्षरांची यादी येते, आपण फक्त ओळखून निवडतो, त्यामुळे पेन हातात घेतलं की आठवत नाही, चिनी लोकांचंही हे होतं, त्यांच्याकडे त्याला 'थी पी वांग च' असा शब्दच आहे, पेन उचललं आणि अक्षर विसरलं. पण परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या चीनच्याच २०२१ च्या स्टँडर्डमध्ये ओळखायची अक्षरं ३००० आणि हाताने लिहायची फक्त १२०० आहेत. सुरुवातीच्या टप्प्याला तर ३००. म्हणजे थोडी अक्षरं पक्की हाताने, बाकी टायपिंग. सगळं दहा दहा वेळा लिहायला लावून मुलं पळवून लावू नकोस.

एआय मी स्वतः वापरते, एका लेव्हलच्या शब्दांत छोटी गोष्ट लिहून दे म्हटलं की देतं, पण मधेच दोन-चार अवघड शब्द घुसवतं, ते तुला गाळता आले पाहिजेत आणि त्यासाठी तुझी स्वतःची भाषा पक्की हवी.

आता करिअरचं स्पष्ट बोलते. शाळांमध्ये चायनीज शिक्षकांच्या जागा कमी आहेत, २०२० च्या शैक्षणिक धोरणात परदेशी भाषांची जी उदाहरणं दिलीत त्यात कोरियन, जपानी आहेत, चायनीज नाही, त्यामुळे शाळा पटकन तिकडे वळत नाहीत. त्याच वर्षी वीचॅट ह्या चिनी मेसेजिंग ॲपवर भारतात बंदी आली, तेव्हापासून चीनमधल्या शिक्षकांशी संपर्क ठेवणंही अवघड झालंय. काम आहे ते कंपन्यांमध्ये, दुभाषी म्हणून आणि कर्मचाऱ्यांना शिकवायला, आणि ऑनलाइन छोट्या बॅचेसमध्ये. पहिली काही वर्षं भाषांतर आणि शिकवणं दोन्ही धरून चाल, घरच्यांनाही हे असंच सांग.

म्हणून टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा आत्ता नको. आधी एचएसके ५ आणि बोलण्याची एचएसकेके मधली लेव्हल. मग एमएसाठी जेएनयू, शांतिनिकेतनचं चीना भवन हे बघ, किंवा परदेशी लोकांना चायनीज शिकवण्यासाठीचीच मास्टर्स डिग्री असते ती, बीजिंग लँग्वेज अँड कल्चर युनिव्हर्सिटीत किंवा तैवानला. दोन्हीकडे स्कॉलरशिप असतात, अटी बदलतात, त्या त्या वर्षीच्या नीट वाच. तैवानला लिपी जुन्या वळणाची आहे आणि परीक्षाही वेगळी, टोक्फल, हे आधीच लक्षात घे. टूल्स ह्या सगळ्याबरोबर शिकत जा, दर धड्याला एक.

आणि फॉर्म भरायच्या आधी एक कर. शेजारपाजारची दोन मुलं पकड आणि 'मै' चे दोन टोन वीस मिनिटांत शिकव. पहिली दहा मिनिटं फोन बाजूला, नंतर प्रातवर त्यांची रेघ त्यांनाच दाखव. दोन दिवसांनी त्यांना न सांगता तोच शब्द परत विचार. दोन्ही दिवसांची रेकॉर्डिंग मला पाठव, आपण एकत्र बसून ऐकू.