ते पाच सेकंद परत जोड

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय मित्रा,

तुझ्या पॉडकास्टचा पहिला भाग दोनदा ऐकला. एकदा घरी जेवताना, एकदा अंबाझरीच्या काठानं फिरताना, कानात इअरफोन घालून. दुसऱ्यांदा जास्त आवडला, आणि खटकला तोही दुसऱ्यांदाच.

एम्प्रेस मिलमधल्या आजोबांना बोलतं केलंस, हे फार चांगलं झालं. गिरणी १८७७ साली सुरू झाली हे कुठंही वाचायला मिळतं. भोंगा झाला की आजोबांची आई तवा ठेवायची, हे मात्र त्यांच्याकडूनच कळायचं. पण चौदाव्या मिनिटाला तू विचारतोस, "गिरणी सुटल्यावर सायकलीचं काय केलं?" ते म्हणतात, "ठेवली घरीच. इकू कायले?" आणि लगेच तुझी बासरी सुरू. तिथं ते गप्प झाले असणार. कापलंस ना ते? कच्चं रेकॉर्डिंग उघड आणि ती शांतता परत जोड. चार-पाच सेकंदच असेल. बासरी काढ.

पॉडकास्ट हा शब्द २००४ मधला, आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची मोट बांधून केलेला. आयपॉड गेला, खिशात यंत्र आणि कानात आवाज घेऊन फिरणारा एकटा माणूस राहिला. आमच्या घरी रेडिओ फळीवर असायचा, सगळं घर ऐकायचं, शेजारच्या काकूही दारात उभ्या राहायच्या. तुझा ऐकणारा बसमध्ये असेल नाही तर भांडी घासत असेल, पण एकटाच असेल. त्याला "नमस्कार मित्रांनो" कशाला? एकाशीच बोल. आजोबांसारखा गप्प होणारा माणूस त्याच्याही घरात कुणीतरी असतो. तुझ्या पाच सेकंदांत त्याला तो आठवतो. बासरी वाजली की त्याला फक्त बासरी ऐकू येते.

आणि ती सुरुवातीची चार मिनिटं! कीर्तनातसुद्धा पूर्वरंग लांबला की माणसं चुळबुळ करतात, आख्यानाची वाट बघतात. तू तर स्वतःची ओळख, पॉडकास्टची ओळख, गिरणीचा इतिहास असं सगळं आधीच उरकलंस. तव्यापासून सुरू कर. गिरणी आपोआप येईल.

आता माझी एक चूक सांगतो. मे महिन्यात आईचं बोलणं टिपून ठेवलं होतं, कूलर चालू ठेवून. नागपूरचा मे, बंद करायची हिंमत झाली नाही. नंतर कॉम्प्युटरवर घरघर काढायला गेलो, तर आईचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. मूळ फाइल मी पुसली होती. आता माझ्याकडे तेवढंच आहे. म्हणून सांगतो, पहाटे जा, कूलर-पंखा बंद कर, खोलीत गाद्या-रजया असतील तिथं बस, आवाज घुमत नाही. बोलणं संपल्यावर अर्धा मिनिट कुणीही न बोलता नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड कर; जोडकाम करताना लागतो. आणि मूळ फाइल दोन ठिकाणी ठेव.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात २००३ साली स्टोरीकोर या साध्या माणसांच्या आठवणी टिपणाऱ्या संस्थेनं रेकॉर्डिंगची एक छोटी खोली उभी केली. ओळखीची दोन माणसं आत जाऊन चाळीसेक मिनिटं एकमेकांशी बोलायची. निवेदक नाही, पाहुणा नाही. पुढच्या भागात आजोबांच्या नातीलाच प्रश्न विचारू दे. ती "आबा, खोटं सांगू नका" म्हणू शकते, तुला ते जमणार नाही.

बाहेर मारबतीची मिरवणूक निघायची वेळ झालीय, तेव्हा आवरतो. एकच राहिलं. आजोबांनी हा भाग ऐकला का? तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस. त्यांच्याकडे साधा फोन आहे म्हणालास, म्हणजे नसणारच. छोटा स्पीकर घेऊन जा, शेजारी बस, पूर्ण ऐकव. मध्येच ते बोलायला लागले तर थांबव आणि ऐक. रेकॉर्डिंग सुरू करू नको.

तुझा,
काका