स्वतःच्या गाडीने हौशी रेसिंग करायचं तर खर्च नेमका कुठे होतो?
प्रवेश शुल्क आणि हेल्मेट हा त्यातला लहान भाग. पैसा जातो टायर आणि ब्रेकमध्ये. रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकणारे ब्रेक पॅड ट्रॅकवर फार लवकर झिजतात. त्याहून धोक्याचं म्हणजे जुनं ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं, मग ट्रॅकच्या उष्णतेत उकळतं आणि ऐन वळणावर पेडल सरळ खाली जातं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंशांना उकळतं. ओलावा धरला की हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. जाण्याआधी ते बदलाच.

विम्याचंही बघा. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते (हे कलम फार थोडे लोक वाचतात). कोइमतूरच्या कारी स्पीडवे या रेसिंग ट्रॅकवर गाडी ठोकली, तर दुरुस्ती आणि घरापर्यंतचं टोइंग दोन्ही तुमच्याच खिशातून. म्हणून सुरुवातीला, मोडली तरी घरचं बजेट हलणार नाही अशीच गाडी न्या.