तारीख मिळाली आहे, जाऊ की थांबू? (कोविडच्या साथीच्या काळातलं प्रश्नोत्तर; सात आठवडे थांबण्याचा सल्लाही त्याच काळातला)

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 44, वजन 112 किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 43. दहा वर्षांचा मधुमेह आहे, रात्री सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं यंत्र) लावून झोपते. वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेची तारीख साथीमुळे एकदा पुढे गेली. आता पंधरा दिवसांनंतरची मिळाली आहे. पण तीन आठवड्यांपूर्वी मला कोविड झाला, घरीच बरी झाले. घरचे म्हणतात, "हौसेचं ऑपरेशन, साथ संपल्यावर बघू." जाऊ की थांबू?
– एक वाचक

उत्तर : ताई, 'हौसेचं' हा शब्द आधी मनातून काढून टाका. नियोजित शस्त्रक्रिया म्हणजे जिची तारीख ठरवता येते, एवढंच. लठ्ठपणा आणि मधुमेह असला की कोविड जास्त जोरात उलटतो, त्यामुळे साथ संपेपर्यंत बसून राहण्यातही धोका आहेच. घरच्यांना हे जरूर सांगा.

पण या तारखेला जाऊ नका.

मी भूलतज्ज्ञ आहे, म्हणून माझ्या बाजूने सांगते. भूल दिली की तुमचा श्वास थांबतो. श्वासनळीत नळी बसेपर्यंत फुप्फुसात साठलेल्या ऑक्सिजनवरच भागवायचं असतं. वजन जास्त असलं की पोटाचा भार छातीवर येतो आणि तो साठा लवकर संपतो. मॉनिटरचा 'बीप' ऑक्सिजन उतरू लागला की खालच्या सुरात जातो. तो ऐकला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून आम्ही खांद्याखाली, डोक्याखाली उशा रचतो, कानाचं भोक छातीच्या हाडाच्या रेषेत येईपर्यंत. एवढी तयारी निरोगी फुप्फुसांसाठी. तुमची तर नुकती आजारातून उठली आहेत. शिवाय कोविडनंतर रक्ताच्या गुठळ्यांची भीती वाढते, आणि लठ्ठपणात व शस्त्रक्रियेनंतर ती मुळातच असते.

2021 मध्ये 116 देशांतल्या 1,40,000 हून अधिक रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात सगळ्याच प्रकारच्या शस्त्रक्रिया होत्या. संसर्गानंतर सहा आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत 30 दिवसांतल्या मृत्यूंचं प्रमाण 3.6 ते 4.1 टक्के होतं. सात आठवड्यांनंतर ते 1.5 टक्क्यावर आलं, म्हणजे कोविड न झालेल्यांइतकंच. तुमची तारीख पाच आठवडे जेमतेम उलटल्यावर पडते. सर्जनना फोन करून किमान सात आठवडे पूर्ण झाल्यावरची तारीख मागा. जिना चढताना अजून दम लागत असेल, खोकला रेंगाळत असेल, तर तेही सांगा. मग आणखी थांबावं लागेल.

मधल्या दिवसांत साखर आटोक्यात आणा, रोज चाला, तीन चेंडूंच्या स्पायरोमीटरवर (श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचं साधन) श्वासाचा व्यायाम करा. सीपॅप एकही रात्र चुकवू नका आणि शस्त्रक्रियेच्या दिवशी तो सोबत घेऊन या.

एक गोष्ट आत्ताच घरच्यांना लिहून द्या. शस्त्रक्रियेनंतर घरी गेल्यावर, विशेषतः पहिल्या दहा दिवसांत, ताप आला, नाडी 120 च्या वर राहिली, पोट किंवा डावा खांदा दुखू लागला, तर 'कोविडच असेल, दोन दिवस घरी राहू' असं म्हणायचं नाही. शस्त्रक्रियेत जठराला घातलेल्या टाक्यांच्या शिवणीतून गळती झाली तरी सुरुवात अशीच होते, आणि त्यात तासातासाला महत्त्व असतं. तेव्हा कोविड चाचणीच्या निकालाची वाट न बघता सर्जनना फोन करायचा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.