नको म्हटल्यावर माणूस कसा वागतो

मुलांशी गैरवर्तन करणारा माणूस आधीच ओळखायचा कसा, आणि ओळखायच्या नादात प्रत्येक शेजाऱ्याकडे संशयाने पाहायचे का, हे बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले पालक मला नेहमी विचारतात. याचे उत्तर मी एका घटनेच्या आधाराने देते. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून तिच्यातले तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातली एक आई मुलाच्या अभ्यासाची तक्रार घेऊन आली होती. मुलगा मराठी शाळेत सातवीत, वडील लष्करात आणि सुट्टीपुरते घरी येणारे. काही महिन्यांपासून तो चिडचिड करत होता, तालमीला जायचे म्हटले की त्याच्या पोटात दुखे आणि झोपेतून तो दचकून उठे. एकेका लक्षणाची कारणे अनेक असू शकतात. परंतु आईच्या बोलण्यात ‘मामा’ हा उल्लेख फार वेळा येत होता, आणि हे मामा नात्याने कोणीच नव्हते. रेशनकार्डापासून शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत घरातले सगळे कन्नड कागद ते भरून देत, मुलाला पहाटे मोटारसायकलवरून तालमीला नेत, आणि अलीकडे त्यांनी त्याला मोबाईलही घेऊन दिला होता. “माणूस देवासारखा आहे की, मॅडम. आमच्यासाठी एवढं कोण करतंय?” असे ती म्हणाली.

आपल्या भागात कन्नड न येणाऱ्या घराला अशी मदत खरोखर लागते आणि बहुतेक माणसे ती निर्मळ मनाने करतात, म्हणून मदत करणे हे धोक्याचे लक्षण मानता येत नाही. मात्र मुलांचा गैरफायदा घेणारा माणूस घराची नड हेरून तिथूनच आत येतो. तो मुलाच्या आधी मोठ्यांचा विश्वास मिळवतो, कारण मुलाने पुढे काही सांगितलेच तर मोठ्यांनी त्यावर विश्वास ठेवू नये, अशी तजवीज त्याला करून ठेवायची असते. म्हणून मी आईला माणसाच्या स्वभावाविषयी विचारले नाही, तर वागण्याविषयी विचारले: इतकी मुले असताना तो याच एका मुलाला एकटे का नेतो, भेटवस्तू देताना घरात विचारतो का, मुलाच्या मोबाईलमध्ये काय आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का, आणि मुलाने अंग चोरले तरी कुस्तीच्या किंवा गुदगुल्यांच्या निमित्ताने तो त्याला हात लावत राहतो का. यातील शेवटच्या प्रश्नावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “पण मुलगा आहे ना तो, त्याला काय होणार?” हा समज फार खोलवर रुजलेला आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतील 12 हजारांहून अधिक मुलांशी बोलून केलेल्या पाहणीत लैंगिक छळ झाल्याचे सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून अधिक होते, आणि छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मी माणसे मुलाच्या ओळखीची व विश्वासातली होती.

संशय सिद्ध होण्याची वाट पाहायची नसते, एकांत आधी थांबवायचा असतो. मुलाची उलटतपासणी करू नका आणि मामांवर आरोपही करू नका, फक्त उद्यापासून तो गावातल्या इतर मुलांबरोबर तालमीला जाईल एवढे शांतपणे सांगा, असे मी सुचवले. भल्या माणसाला असे सांगितले तर त्याला थोडे वाईट वाटेल, पण तो ऐकेल. हे गृहस्थ आधी रुसले, मग केलेल्या उपकारांची यादी वाचू लागले, नंतर शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनी अडवून धरला, आणि तरीही आई बधली नाही तेव्हा ते परस्पर शाळेच्या फाटकाशी मुलाची वाट पाहू लागले. माझ्या अनुभवात याहून स्पष्ट लक्षण क्वचितच मिळते: घातलेली मर्यादा त्याला बोचते, आणि ती चुकवून मुलापर्यंत पोचण्याची वाट तो शोधत राहतो.

एकांत थांबल्यावर मुलगा बोलू लागला. मालिशच्या नावाखाली काय होत होते, मोबाईलवर कोणते व्हिडिओ दाखवले जात होते, हे त्याने तुकड्यातुकड्याने सांगितले. “आईला सांगितलंस तर तुमचं रेशनकार्ड रद्द करून टाकीन,” अशी धमकी त्याला होती, आणि घरातले सगळे कागद त्याच माणसाच्या हातात असल्यामुळे बारा वर्षांच्या मुलाला ती खरी वाटली होती. त्याच्यावर आपण विश्वास ठेवतो आणि यात त्याची काहीही चूक नाही, ही दोन वाक्ये आईने त्याला त्याच दिवशी सांगितली. उपचाराची सुरुवात मी तिथून मानते.

गावात नाव जाईल म्हणून थोरल्या दिरांचा तक्रारीला विरोध होता. त्यांची भीती मी समजू शकते, पण मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि मुलाची ओळख उघड करण्यास प्रसारमाध्यमांना मनाई आहे, हे मी त्यांना समजावले. मुलाचा जबाब त्याच्या घरी, गणवेशात नसलेल्या पोलिसाने आणि पालकांच्या समक्ष घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, आणि नोंदीची भाषा त्याला समजत नसेल तर दुभाषी द्यावा, असे हाच कायदा सांगतो. सीमाभागातल्या आईबापांनी ही दुभाष्याची तरतूद नीट लक्षात ठेवावी, कारण “आम्हाला कन्नड येत नाही, तिथे आमचं कोण ऐकणार” या एका विचारापायी कितीतरी तक्रारी घरातच दबून राहतात. या मुलाने आपले म्हणणे मराठीत सांगितले.

ज्यांच्या हाती अजून केवळ शंका आहे त्यांनीही 1098 या बालमदत क्रमांकावर बोलावे. गुन्हा घडण्याची भीती वाटत असेल तरी कळवावे असे कायद्याच्या कलम 19 मध्ये म्हटले आहे, आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल कोणतीही कारवाई होऊ शकत नाही.